तेलाच्या अहवालातली वाळू

ती फाईल आठवली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, रक्तदाबाची गोळी चालू आहे, डॉक्टर सांगतात चिडू नका. पण त्या प्रकरणात चिडायला गॅरेजवाला होता, गाडीमालक होता आणि सगळ्यात आधी मी स्वतः होतो.

मी तेव्हा निपाणी भागातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. एका सकाळी तंबाखूचा एक व्यापारी तणतणत आत आला. त्याच्या गाडीचं इंजिन तवंदी घाटात जाम झालं होतं. आणि ते इंजिन महिन्याभरापूर्वीच बदललेलं! दुसऱ्या गाडीतलं इंजिन आणून, खोलून, आतले भाग नवे घालून महामार्गावरच्या एका गॅरेजवाल्यानं बसवून दिलं होतं.

"साहेब, माझ्या ड्रायव्हरनं इंजिनात वाळू टाकली," व्यापारी म्हणाला. "सरकारी बसवर ड्रायव्हर म्हणून निवड झालीय त्याची. महिनाअखेर सोडतो म्हणाला, मी दोन शब्द बोललो. त्याचा राग काढला बघा. आणि वस्ती कुठली त्याची, ठाऊक आहे न्हवं?"

ठाऊक होती. बोरगावकडचा, बौद्ध कुटुंबातला मुलगा. व्यापाऱ्याच्या त्या वाक्याला तिथंच उत्तर द्यायला हवं होतं. मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

दुपारी एक निनावी फोन आला. ड्रायव्हरला नदीकाठी वाळू घेताना पाहिलं म्हणे. नाव विचारलं तर फोन बंद. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर एवढं कळायला हवं होतं, की जो न विचारता इतकी नेमकी खबर देतो त्याचीच आधी चौकशी करावी. पण मी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेलो. गाडीचा पंचनामा केला, इंजिनातलं तेल बाटलीत काढून सील केलं आणि बेळगावच्या एका खासगी प्रयोगशाळेत पाठवलं. सोबतचं पत्र आमच्या हेड कॉन्स्टेबलनं नेहमीच्या साच्यात लिहिलं: गुन्हा क्रमांक, कलम, नमुन्यात वाळू आहे काय ते कळवावे.

अहवाल आला. धातूंची आणि इतर घटकांची यादी, पुढे आकडे. एक ओळ ठळक होती: सिलिकॉन फार जास्त. शेजारी टीप, 'धूळ-मातीची शक्यता'. आम्हा पोलिसांची एक खोड असते. शवविच्छेदनाचा अहवाल आला की आम्ही थेट शेवटच्या अभिप्रायावर बोट ठेवतो, वरचं वाचतोय कोण! तसंच इथं केलं. सिलिकॉन म्हणजे वाळू, संपला विषय.

ड्रायव्हरला बोलावून घेतलं. अंगानं सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, हातात निवडीच्या कागदांची पिशवी. त्याला वाटलं होतं, नोकरीच्या चारित्र्य पडताळणीसाठी बोलावलंय.

"वाळू का टाकलीस रं?"

"कसली वाळू, साहेब? मी न्हाय टाकली. इंजिन तापतंय म्हणून मालकांना तीनदा सांगितलं मी. पाणी रोज कमी व्हायचं. ते म्हणायचे, नवीन हाय, बसंल हळूहळू."

त्यानं गुन्ह्याची चावी माझ्या हातात दिली होती. मी ऐकलंच नाही. अहवाल त्याच्या नाकासमोर धरला आणि तो परत "न्हाय" म्हणाला तेव्हा दोन थोबाडीत दिल्या. तो रडला नाही. खाली पडलेली पिशवी तेवढी त्यानं उचलली.

त्याच्या पडताळणीचा कागदही माझ्याच टेबलावर होता. 'गुन्हा दाखल, तपास चालू' असा शेरा लिहून मी तो वर पाठवून दिला. एवढ्या शेऱ्यावर त्याची नोकरी जाणार हे मला पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याची थोरली बहीण आली. एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होती. रडणं नाही, हात जोडणं नाही. "अहवाल बघायला मिळेल?" एवढंच म्हणाली. मी गुर्मीतच पुढे सरकवला. तिनं तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला.

"साहेब, इंजिन नुकतंच बदललंय हे तुम्ही प्रयोगशाळेला कळवलं होतं?"

"त्याचा काय संबंध?"

"आमच्याकडं उसाचा रस तपासायला आला तर आधी विचारतो, ऊस तोडून किती तास झाले. ते कळल्याशिवाय आकड्याला अर्थ न्हाय. इथं बघा, इंजिन किती किलोमीटर चाललं, तेल कधी बदललं, दोन्ही रकाने रिकामे. आणि सिलिकॉनच्या खाली सोडियम पण चढलंय. नदीच्या वाळूनं सोडियम असं चढत न्हाय. ते रेडिएटरच्या पाण्यात घालतात त्या कूलंटमधनं आलं असंल. तुमी प्रयोगशाळेलाच विचारा."

हेड कॉन्स्टेबल भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागला. मी तिच्यासमोरच प्रयोगशाळेला फोन लावला.

"अहो साहेब, इंजिन नवं बसवलेलं हाय हे सांगायचं न्हाय व्हय?" तिथला माणूस ओरडलाच. "नवीन जुळणीत सांधे बंद करायला जी पेस्ट लावतात, तिच्यात सिलिकॉन असतं. पहिल्या तेलात ते उतरतंच. वाळू असती तर पिस्टनच्या रिंगा घासून क्रोमियम चढलं असतं. ते जाग्यावर हाय. शिसं आणि तांबं चढलंय, म्हणजे बेअरिंग गेल्यात. तेलात पाणी शिरलंय तुमच्या. ऑइल फिल्टर कापून बघा, वाळूचा एक कण घावला तर सांगा मला."

पंच बोलावून फिल्टर कापला. कण सापडला नाही. मग मी माझाच पंचनामा उघडला. त्यात आमच्याच अक्षरात लिहिलं होतं: तेलाचा रंग दुधाळ तपकिरी. पाणी मिसळलेलं तेल असंच दिसतं, हे कुठलाही ट्रकवाला सांगेल. आम्ही ते लिहिलं आणि कुणीच वाचलं नाही!

आता गॅरेजवाला. आमच्या भागात मिस्त्री लोकांची एक रीत आहे. काढलेले जुने भाग पोत्यात बांधून गाडीमालकाला परत द्यायचे, म्हणजे नवे घातल्याचा पुरावा. ते पोतं व्यापाऱ्याच्या गोदामातून आणून गॅरेजवाल्यासमोर ओतलं.

"मोज. रिंगा आहेत, बेअरिंग आहेत. हेडची पॅकिंग कुठाय?" इंजिनाचा वरचा भाग हेड आणि खालचा ब्लॉक, यांच्यामधली ही पातळ गादी. पाणी आणि तेल वेगळं ठेवणं हेच तिचं काम.

"पडली असंल कुठंतरी, साहेब."

"बेळगावचा मिस्त्री उद्या इंजिन खोलणार आहे. आत जुनी निघाली तर काय सांगशील? आणि ज्या नंबरवरून फोन आला तो कुणाचा, तेही आज कळेल."

त्यानं हातातली रिंग खाली ठेवली. "जुनीच बसवली, साहेब. नवी मिळायला उशीर होता, मालक घाई करत होते. वरनं पेस्ट फासली भरपूर. मालकांना वाळूचं मीच सांगितलं. फोन... त्योबी मीच केलता."

म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. आणि जे सिलिकॉन मी ड्रायव्हरच्या नाकासमोर नाचवलं होतं, ते यानंच फासलेलं. दुसऱ्या दिवशी पंचांसमोर इंजिन खोललं. जुनी पॅकिंग एका कडेला फाटलेली, भोवती पेस्टचे थर. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला मी निघालो होतो. गॅरेजवाल्यावर गुन्हा नोंदवला. व्यापारी म्हणाला, "जाऊ द्या साहेब, गैरसमज झाला." त्याला मी असं झापलं की बाहेरचे शिपाई आत डोकावले. पोरगा इंजिन तापतंय म्हणून तीनदा ओरडला होता, तेव्हा याचे कान कुठे होते? पण तोंडातून शब्द जात असतानाच कळत होतं, हाच सवाल मला लागू आहे.

ड्रायव्हरच्या प्रकरणात बी रिपोर्ट, म्हणजे आरोपात तथ्य नाही असा अहवाल, कोर्टात दिला. पडताळणीचा सुधारलेला अहवाल घेऊन मी स्वतः बेळगावला गेलो आणि संबंधित कारकुनानं शिक्का मारेपर्यंत त्याच्या टेबलासमोरून हललो नाही. नोकरी वाचली.

यातून शिकलो ते एवढंच. कागद खोटं बोलत नाही, पण त्याला अर्धवट विचारलं तर तो अर्धवटच सांगतो. उरलेलं आपण आपल्या मनातल्या घाणीनं भरतो. माझ्या मनात ती वस्ती आधीच बसली होती, म्हणून मला वाळू दिसली.

पडताळणीच्या सुधारलेल्या अहवालाची प्रत द्यायला मी बोरगावला त्यांच्या घरी गेलो. बहिणीनं चहा ठेवला. ड्रायव्हरनं उभ्यानंच कागद वाचला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, मागची बाजूही बघितली.

"सगळं बरोबर हाय, साहेब," तो म्हणाला. "पण तुमी मला मारलासा, ते ह्यात कुठं लिवलंय?"

कुठंच लिहिलं नव्हतं. स्टेशन डायरीतही नाही. म्हणून आज इथं लिहिलं.