पाडव्याला घेतलेली सायकल

संक्रांतीला दिल्लीतल्या आमच्या सोसायटीतली मराठी मंडळी पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला, सायकलवर जातात. मागून टेम्पो जातो. त्यात पंक्चरचं सामान, तिळाचे लाडू आणि मी. वजन तीन आकडी असल्याने हे खातं आपोआप माझ्याकडे आलं होतं.

गेल्या ऑगस्टमध्ये मुलीला जर्मनीत प्रवेश मिळाला. जानेवारी संपली की निघायचं. जेवताना ती म्हणाली, "बाबा, इस बार टेम्पो नाही हं. माझ्या बाजूला चालव. एकदाच."

मी श्रीखंडाची वाटी बाजूला सारली. आमच्या घराण्यात याहून मोठी शपथ नाही.

मग महिनाभर दोन सायकलींमध्ये अडकलो. पहिली कार्बनची, बोटावर उचलावी इतकी हलकी, बटण दाबलं की गिअर बदलणारी. पण चाकांत स्पोक अगदी विरळ. कंपनीने घालून दिलेल्या वजनाच्या मर्यादेत मी बसत होतो, पण उपाशीपोटी आणि पाण्याच्या बाटलीशिवाय. दुसरी अॅल्युमिनियमची, जड, साध्या गिअरची. चाकांना बत्तीस-बत्तीस स्पोक, टायर रुंद, आणि मागचं दातेरी चक्र इतकं मोठं की फ्लायओव्हर मीसुद्धा चढेन. तरी माझा जीव पहिलीवरच.

"अहो, सायकल हलकी घेतली म्हणून तुम्ही हलके होणार आहात का?" बायको म्हणाली.

दुसरी ठरली. दसऱ्याला दुकानात माझ्या मापाची नव्हती. नंतर दुकानदाराचा फोन आला, घेऊन जा म्हणाला. मीच म्हटलं, दिवाळीचा पाडवा जवळ आलाय, मुहूर्तावर नेतो. अर्धं आयुष्य दिल्लीत काढलं, पण गाडी घ्यायची म्हटल्यावर डोक्यात पंचांग पुण्याचंच. इथे दिवाळीनंतरची हवा कशी असते, हे मला कुणी सांगायला हवं होतं का?

पाडव्याला सायकल आली. बायकोने हँडलला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. चाकापुढे नारळ फोडला. फोटो काढले, त्यात समोरची इमारत दिसत नाही.

त्यानंतर रोज सकाळी मोबाइलवर हवेच्या प्रदूषणाचा आकडा बघायचा आणि परत झोपायचं. मला दम्याचा जुना त्रास. डॉक्टर म्हणाले, सायकल सोडा, चालायलाही बाहेर पडू नका. झेंडू वाळून हॉलमध्ये गळू लागला. डिसेंबरात एकदा वारा सुटला, आकाश दिसलं. मी निघालो. पहिल्या फ्लायओव्हरच्या मध्यावर उतरलो आणि खोकत खोकत सायकल हातात धरून घरी आणली. गिअर होता, दम नव्हता. मुलीने दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं आणि हेल्मेट हातातून घेतलं.

संक्रांतीला मी टेम्पोत बसलो. धुकं विरल्यावर सगळे दोन-दोनच्या जोडीने निघाले. मुलगी सर्वांत पुढे जाऊ शकते, दरवर्षी जाते. या वेळी ती सर्वांत मागे होती, टेम्पोच्या अगदी पुढ्यात. एकटी, उजव्या बाजूने. डावीकडची एका सायकलीची जागा मोकळी ठेवून.

ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. "मैडम किनारे क्यों नहीं हो रहीं?"

"चलने दो," मी म्हटलं.

लाडवांचा डबा मांडीवर होता. पानिपत येईपर्यंत मी तो उघडला नाही.