प्रतीक्षाचा ग्राफ मी पाडला

हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — उद्या रस्त्यात समोर आलात तरी मला मान खाली घालावी लागणार नाही. यातही भित्रेपणाच आहे म्हणा.

परभणीत आमचं छोटंसं ऑफिस आहे. जनावरांच्या डॉक्टरांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. कोणती गाय कुणाच्या गोठ्यात, कुणी कुणाला विकली, कोणत्या बाजारात उभी होती, लस टोचली का — सगळं त्यात असतं. जनावराच्या कानात बिल्ला असतो, त्याच्या नंबरावरून शोधायचं. ही सगळी रचना माझी. माहिती ठेवायचे तक्ते माझे, त्यांतून उत्तर काढणाऱ्या लांबच लांब क्वेऱ्या, म्हणजे संगणकाच्या भाषेतले प्रश्न, तेही माझे. कुठल्या डॉक्टरचं काही अडलं की ऑफिसचे मालक, आमचे सर, म्हणायचे, "मनीषाला विचारा." हे वाक्य मला किती हवं असतं, ते तोवर मलाच माहीत नव्हतं.

मग प्रतीक्षा आली. वालूरची, शेतकऱ्याची मुलगी. बोलणं थेट गावाकडचं, आणि त्याची तिला तिळमात्र लाज नाही. मी मास्तरांची मुलगी — आमच्याकडे 'आहे'ऐवजी 'हाय' तोंडातून निघालं तरी वडील दटावायचे. ती सरांसमोर खुशाल "लय भारी हाय सर" म्हणायची आणि सर हसायचे. मला ताई म्हणायची. दुपारी माझ्या शेजारी बसून डबा उघडायची, आणि स्वतः खायच्या आधी माझ्या डब्यात ठेचा वाढायची. तिचा राग यावा असं तिनं काय केलं होतं? काही नाही. खरंच, काही नाही.

सरांनी नवीन काम काढलं. डॉक्टरनं फोनवर मराठीत प्रश्न विचारायचा, मशीननं स्वतः क्वेरी लिहायची, माहिती शोधायची आणि उत्तर सांगायचं. आता ही माहिती ठेवायची कशात? मी गृहीतच धरलं होतं — माझ्या तक्त्यांत. आणखी कशात?

प्रतीक्षा म्हणाली, ग्राफ डेटाबेस घेऊ.

तिनं फळ्यावर गोल काढले. हा गोल गाय, हा गोठा, हा जिंतूरचा बाजार. मध्ये बाण. मग त्याच्या क्वेरीची भाषा लिहून दाखवली — कंसात गाय, पुढं बाण, कंसात बाजार. म्हणजे जवळजवळ तेच चित्र, फक्त अक्षरांत. त्या दिवशी जोगदंड डॉक्टर आले होते. ते आमच्या सॉफ्टवेअरचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक, जिंतूरकडची गावं त्यांच्याकडे. त्यांनी चष्मा वर केला आणि ती ओळ स्वतःच वाचली. "ही गाय या बाजारात होती, त्या बाजारातून ही दुसरी गाय त्या गोठ्यात गेली. हेच ना?"

"हेच, सर. तुमाला समजली म्हणजे मशीनलाबी नीट लिहिता येईल. ताईंच्या तक्त्यांत हाच प्रश्न पानभर होतो. पानभर लिहिताना मशीन चुकायलंय."

ती खरं बोलत होती. टोमणा नव्हता त्यात. पण डॉक्टरांनी क्वेरी स्वतः वाचली होती. इतकी वर्षं जे फक्त मला वाचता येत होतं, ते उद्या कुणालाही वाचता येणार? मग "मनीषाला विचारा" कुणी कशाला म्हणेल?

सर म्हणाले, दोन्ही चालवून बघू. जे लवकर उत्तर देईल ते घेऊ. माहिती तीच, प्रश्न तेच.

चाचणीच्या आदल्या दिवशी प्रतीक्षाला वालूरला जायचं होतं. धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते. तिनं सगळी तयारी करून ठेवली आणि मला म्हणाली, "ताई, तेवढी माहिती दोन्हीकडं तुमीच भरा ना. तुमच्या हाताला सवय हाय."

भरली मी. दोन्हीकडं भरली.

इथं मी दरवेळी थांबते. मनातल्या मनात सांगतानाही इथंच थांबते.

डेटाबेसमध्ये इंडेक्स नावाची गोष्ट असते. पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, तसंच. ती असली की हवा तो बिल्ला चटकन सापडतो. नसली तर प्रत्येक बिल्ल्यासाठी सगळी जनावरं पहिल्यापासून चाळावी लागतात. माझ्या तक्त्यांवर इंडेक्स होते. प्रतीक्षानं तिच्या बाजूलाही इंडेक्सची ओळ लिहून ठेवली होती. ती ओळ मी काढून टाकली. चुकून नाही. घाईत नाही. वाचली, समजली आणि काढली. मग उठून चहा घेतला — आणि सांगू? चहा चांगला लागला.

दुसऱ्या दिवशी माझ्या तक्त्यांनी झटपट उत्तरं दिली. ग्राफच्या पडद्यावर 'थांबा' सांगणारा गोल नुसता फिरत राहिला. सरांनी घड्याळाकडे पाहिलं, डॉक्टरांनी फोनकडे. प्रतीक्षाचा चेहरा लाल झाला होता. "सर, माझंच कायतरी चुकलं असल," असं ती म्हणाली. आणि मी — मी तिच्या पाठीवर हात ठेवला. "नवीन आहेस गं. होतं असं."

तो हात मला त्या ओळीपेक्षा जास्त छळतो.

तिथंच ठरलं. तक्ते राहिले. ती घरी गेल्यावर मी इंडेक्स परत जागेवर ठेवला. दोन दिवसांनी ती धावतच माझ्या टेबलाशी आली. "ताई, आता तर लगेच उत्तर यायलंय! त्या दिवशी काय झालं असल?"

"सर्व्हरवर लोड असेल."

"सरांना परत दाखवू का?"

"ठरलंय आता," मी म्हणाले. "पुन्हा विषय काढलास तर सर म्हणतील, हरली म्हणून कुरकुर करते. तुझ्याच अंगावर येईल."

तिनं मान डोलावली. माझ्यावर विश्वास होता तिचा. त्या वर्षी पुण्यात नोकरी मिळाली तेव्हा जाताना माझ्या पाया पडून गेली.

पुढच्या पावसाळ्यात जनावरांत लम्पीची साथ आली. जिंतूरच्या बाजारात विकलेल्या एका गाईच्या अंगावर गाठी निघाल्या. जोगदंड डॉक्टरांनी आमच्या मशीनला विचारलं — तिच्याजवळ बाजारात कोणती जनावरं उभी होती, ती कुठल्या गावांत गेली, तिथून पुढं कुठं गेली? मशीननं पानभर क्वेरी लिहिली आणि मधली एक कडी चुकली. गावांची नावं आली, पण येलदरीजवळचं एक गाव त्यात नव्हतं. डॉक्टर बाकीच्या गावांत लस घेऊन फिरले. त्या गावात कुणीच गेलं नाही.

तिथल्या गाई मेल्या. एका घरी तर दूध देणारी ती एकच गाय होती. डॉक्टर ऑफिसात येऊन खुर्चीत बसले. मग म्हणाले, "बाई मला विचारत होती, सगळीकडं गेलात, आमच्याकडंच का न्हाई आलात? काय सांगू तिला?"

मी हातानं क्वेरी लिहायला घेतली. दुपारपर्यंत साखळी पुरी जुळली, आणखी दोन गावं सापडली. तिथं लस वेळेत पोहोचली. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "मनीषा होती म्हणून निभावलं." टाळ्या वाजल्या. मी त्या घेतल्या.

प्रतीक्षाला हे कुठून तरी कळलं. तिचा फोन आला. आधी खुशाली विचारली, मग आवाज बारीक झाला. "ताई, त्या दिवशी ग्राफ नीट चालला असता तर ते गाव सुटलं नसतं. मीच वालूरला जायला नको होतं. थांबून नीट बघायला पाहिजे होतं. त्या गाई माझ्यामुळं गेल्या असं वाटायलंय."

बोलायची वेळ तीच होती. एक वाक्य पुरलं असतं. ओठांपर्यंत आलंही होतं — मी काढली ती ओळ, प्रतीक्षा, तू नाही. आणि मी काय म्हणाले?

"जेवलीस का?" असं विचारलं मी.

ती म्हणाली, हो ताई. मग आम्ही तिच्या बहिणीच्या लग्नाबद्दल बोललो.

आता पुण्यात तिच्या हाताखाली माणसं आहेत. कुठला डेटाबेस घ्यायचा, कुठली भाषा, हे आता तिला विचारतात. गेल्या महिन्यात तिनं फोटो पाठवला — मंचावर उभी, मागं मोठ्या पडद्यावर तेच गोल, तेच बाण. खाली लिहिलं होतं, 'ताई, तुमची आठवण आली.' फोटो बघून मला आधी लाज वाटली, असं तुम्हाला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. आधी वाटलं, तिथं मी का नाही? लाज मागून आली.

मी तिला वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवलं.