माळावर माझी बॅग कोणी उचलली?

आधी माझी चूक सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. या सदरात लोक आपल्याबरोबर काय घडलं ते लिहितात. मला आधी मी काय केलं ते लिहावं लागेल. माझ्या सख्ख्या मोठ्या भावाला मी परक्या माणसांसमोर ‘हा माझा कॅडी आहे’ असं म्हणालो.

ज्यांना गोल्फ ठाऊक नाही त्यांच्यासाठी – खेळणाऱ्याची जड बॅग खांद्यावर घेऊन त्याच्यामागं चालणारा, हवी ती स्टिक काढून देणारा माणूस म्हणजे कॅडी. खेळणारा चेंडूकडं बघत नुसता हात मागं करतो आणि कॅडी त्यात स्टिक ठेवतो. मागं वळून बघायची पद्धत नसते. ही सवय कशी लागते ते कळतही नाही... आणि माझी सगळी गोष्ट तिथंच आहे.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आजही कोणी अंगात आल्याचं सांगितलं तर मी विषय बदलतो. मी इंजिनियर आहे, कारखान्यात आयुष्य गेलं. पण त्या दुपारचा हिशोब मला लागत नाही.

आमचं घर देवळालीचं. वडील लवकर गेले. दादा शाळा सोडून छावणीच्या मैदानावर साहेब लोकांच्या बॅगा उचलायला लागला आणि त्याच्या त्या खांद्यावर मी शिकलो. एका साहेबानं टाकून दिलेले बूट तो घालायचा. मापानं फार मोठे, पुढं कागदाचे बोळे कोंबलेले. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी फटक-फटक आवाज आला की आई चहा टाकायची. मी पुढं मॅनेजर झालो, गोल्फही खेळायला लागलो. दादानं मात्र आयुष्यभर दुसऱ्यांच्या बॅगा उचलल्या. मैदानावर हक्कानं तो कधी खेळला नव्हता. कॅडींना सोमवारी सकाळी तासभर मोकळीक असायची, तेवढंच.

हिंगोली जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. माझी दिल्लीहून बंगळूरला बदली झाली. जीप घेऊन जायचीच होती. मी दादाला फोन केला, “दिल्लीला ये. आपण दोघं रस्त्यानं जाऊ. वाटेत जिथं गोल्फ कोर्स सापडेल तिथं थांबू. तू खेळायचंस.”

तो म्हणाला, “चपलांवर चालतं का रे?”

“चालतं,” मी म्हणालो.

तेव्हा फोनवर नकाशे नव्हते. गाव आलं की पेट्रोल पंपावर विचारायचं, नाहीतर छावणीच्या फाटकावरच्या शिपायाला. निम्मे लोक हॉकीचं मैदान दाखवायचे. आग्र्याच्या पुढं एका जागी आम्हाला बटाट्याच्या शेतात पाठवलं होतं. दादा हसून हसून जीपच्या बॉनेटवर आडवा झाला. दोन ठिकाणी खेळायला मिळालं. दादा माझ्यापेक्षा चांगला खेळायचा – सोमवारच्या तासाभरात शिकलेला माणूस!

मग मध्य प्रदेशातल्या एका छावणीचा क्लब लागला. हिरवंगार मैदान, पांढरं कुंपण. सेक्रेटरीनं माझं कार्ड पाहिलं, हात मिळवला. व्हरांड्यात आणखी काही मंडळी बसली होती. मग त्याची नजर दादावर गेली. बाहेर काढलेला बुशशर्ट, मरून मफलर, पायात कोल्हापुरी.

“और ये?”

मी भाऊ म्हणालो असतो तर कदाचित दोघांनाही बाहेर काढलं असतं. कदाचित नसतंही काढलं. तो सगळा विचार मी नंतर केला. तिथं तोंडातून एवढंच गेलं, “ये... मेरे कॅडी हैं.”

दादानं माझ्याकडं पाहिलंही नाही. जीपमधून बॅग काढली, खांद्यावर चढवली. पूर्ण राउंड तो माझ्यामागं चालला. बोलला फक्त कामापुरतं. “वारा डावीकडून आहे, साहेब.”

साहेब.

त्या संध्याकाळपासून तो माझ्याशी रस्त्याबद्दल आणि डिझेलबद्दल तेवढा बोलला. दुसऱ्या दिवशी अकोल्यावरून वाशीमला आलो, तिथं लॉजवर राहिलो. माफी मागायची होती. जिभेवर आलेलं रोज मागं सारत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी हिंगोलीत चहाला थांबलो. इंग्रज आणि निजामाच्या काळात इथं पलटण होती हे मला माहीत होतं, म्हणून हॉटेलवाल्याला जुन्या गोल्फच्या मैदानाचं विचारलं.

“व्हतं म्हनतात मैदान,” तो कपबशा पुसत म्हणाला. “आता प्लॉट पडले तिथं. तुमाला प्लॉट पाह्यजे का?”

एरवी दादा हसला असता. त्यानं बशीत चहा ओतला आणि प्यायला.

कळमनुरी मागं टाकलं, आखाडा बाळापूरच्या बाजारातून बाहेर पडलो आणि डोंगरकड्याच्या बाजूला चाललो. तिथं रस्त्याच्या उजव्या हाताला तो माळ दिसला. मेंढरांनी चरून चरून गवत गालिच्यासारखं बारीक केलेलं. हलके चढ-उतार, मधूनच एखादी बाभूळ. कापूस-सोयाबीनच्या त्या मुलखात हे एवढं मोकळं अंगण. मी जीप थांबवली.

“दादा, हे बघ! कोर्सच आहे हा. इथं कोणी सेक्रेटरी नाही. चल, आज तू खेळ.”

तो उतरला. माळाकडं बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “तू खेळ. मी इथं बसतो.”

रस्त्याकडेच्या लिंबाखाली एक धनगर जोडपं बसलं होतं. म्हातारा सखाराम आणि त्याची बायको गयाबाई. मेंढरं उताराला होती. इथं खेळलं तर चालेल का, असं मी विचारलं.

“खेळा की,” सखाराम म्हणाला. “मेंढराला लागू देऊ नका म्हंजे झालं.”

मी बाभळीकडं रोखून पहिला चेंडू मारला. मागून गयाबाईचा आवाज आला, “एवढा मोठा मानूस, चेंडू मारून राहिला अन् पुन्हा त्याच्याच मागं जाऊन राहिला! जवळ पाह्यजे तर मारायचा काहून?”

“तेच तर आमचं दुखणं आहे, बाई,” दादा तिला म्हणाला. दोघं हसली. त्याचं ते हसू मी तीन दिवसांनी ऐकत होतो आणि ते माझ्यासाठी नव्हतं.

मी रागानं बॅग खांद्याला लावली आणि चालू लागलो. चेंडूपाशी पोहोचलो तेव्हा खांद्यावरचं ओझं एकदम हलकं झालं. मागून कोणीतरी पट्टा उचलून घेतला. पाठीशी पावलं वाजली.

मला वाटलं, दादा विरघळला. आला.

मी वळलो नाही. खोटं कशाला बोलू – त्याच्या तोंडाकडं बघायची लाज वाटत होती. न बघता त्याच्याजवळ असणं सोपं होतं. मी चेंडूकडं पाहत हात मागं केला. हातात स्टिक आली. हवी होती तीच. मूठ गार लागली, ओल्या फडक्यानं पुसल्यासारखी. ही दादाचीच जुनी सवय. मारलं, स्टिक मागं धरली, ती घेतली गेली. पुढच्या बाभळीपर्यंत, मग दगडांच्या ढिगापर्यंत, मग माळाच्या पार टोकापर्यंत असेच आम्ही गेलो. इतका चांगला मी कधीच खेळलो नव्हतो. पाठीमागं पावलांचा आवाज एका लयीत येत होता. फटक, फटक, फटक. सैल बुटांसारखा. कानांना ओळखीचा होता, म्हणूनच मला काही खटकलं नाही.

टोकाला पोहोचल्यावर धीर करून मी बोललो. पाठ तशीच ठेवून.

“दादा, परवा त्या क्लबात... दुसरं काय सांगणार होतो मी? नियम होते त्यांचे. तूही समजून घे ना. सोडून दे आता.”

माझ्या लेखी ती माफी होती.

पावलं थांबली. मी शेवटचा फटका लिंबाच्या दिशेनं मारला, चेंडू कुठं जातो ते बघायला मान वर केली – आणि लांब, लिंबाखाली, मरून मफलर दिसला. दादा गयाबाईशेजारी मांडी घालून बसला होता. हातात पेला होता.

मी वळलो. बॅग माझ्यामागं दोन पावलांवर जमिनीवर सरळ उभी होती. आजूबाजूला लपायला झुडूपसुद्धा नव्हतं. पट्ट्याला माझा टॉवेल चौघडी करून बांधला होता आणि तो ओला होता. माझ्याजवळ पाणी नव्हतं. पाण्याचा कॅन जीपमध्ये होता.

परत कसा आलो ते आठवत नाही. बॅग ओढत आणली असावी, तळ फाटला होता. सखाराम उभा राहूनच वाट पाहत होता. त्याचं कुत्रं पोटाशी शेपटी घालून जीपखाली शिरलं होतं.

“साहेब, कोनाशी बोलून राहिले व्हते?”

“दादा कधी परत आला?” मी विचारलं.

“ते कुठं उठले? आमच्यासंगं भाकर खाल्ली त्यांनी. तुमी एकलेच व्हता. हात मागं करून राहिले अन् काठी हातात येऊन राहिली. पिशवी मागं मागं... आमाला वाटलं, काही जादूचा खेळ हाय तुमचा.” तो हसला नाही. “पन मेंढरं तुमच्या वाटंतून सरकून राहिली व्हती, साहेब. दोन मानसांना सरकतेत तशी.”

दादा जवळ आला. त्यानं टॉवेल हातात घेतला. घडी उलगडली, तिच्याकडं पाहिलं, पुन्हा तशीच घातली – टोक आत खोचून, मैदानावर तो नेहमी घालायचा तशी. त्याचा चेहरा उतरला होता.

“काय बोलत होतास तिकडं?” त्यानं विचारलं.

तेव्हा बोलायला हवं होतं. तो समोर होता, हातभर अंतरावर. पण मी घाबरलेलो होतो, आणि ते शब्द एकदा वापरून टाकले होते.

“काही नाही,” मी म्हणालो.

नांदेडला त्यानं स्टेशनवर सोडायला सांगितलं. “घरी जातो. तू नीट जा.” हैदराबाद, बंगळूर, तिथली मैदानं – सगळं राहिलं. तो पुन्हा खेळला नाही, आणि मीही. फोनवर आम्ही तब्येती विचारत राहिलो. काही वर्षांनी एका पहाटे वहिनींचा फोन आला. हार्ट अटॅक. मी पोहोचलो तेव्हा माणसं खोळंबली होती. खांदा द्यायला मी पुढं झालो आणि मला काय आठवलं असेल ते तुम्ही समजू शकता.

त्याचं वर्षश्राद्ध झालं आणि मी तीच जीप घेऊन निघालो. बायकोनं कुठं म्हणून विचारलं, तिला हिंगोलीकडं एवढंच सांगितलं.

अर्ध्या माळावर आता सोयाबीन होतं. उरलेल्या अर्ध्यावर मेंढरं चरत होती, गयाबाई लिंबाखाली होती. सखाराम वारला होता. तिनं मला ओळखलं.

“तुमी ते चेंडूवाले न्हवं? भाऊ न्हाई आले?”

“गेला तो.”

तिनं पदर डोक्यावर ओढला. म्हणाली, “लई चांगला मानूस. त्या दिशी सारखं तुमच्याकडंच पाहून राहिले व्हते. म्या म्हनलं, जा की तुमी बी खेळायला, हितं काहून बसले? तर म्हने, त्यानं हाक मारू दे. एक हाक मारली का उठतो. आनवानी खेळंन म्हने.” तिनं माळाकडं पाहिलं. “भाकर हातातच धरून बसले व्हते कितीक येळ. तुमी हाकच न्हाई मारली.”

मी हाक मारली नव्हती. कारण माझ्या लेखी तो माझ्या मागंच होता.

कोण होतं मागं? माझा भाऊ जिवंत होता, लिंबाखाली बसला होता. मग ते बूट कोणाचे वाजत होते? उन्हाचा चटका म्हणून पाहिलं, मनाचे खेळ म्हणून पाहिलं, एका डॉक्टर मित्राशीही बोललो. ओला टॉवेल आणि वाट सोडून बाजूला होणारी मेंढरं कशातच बसत नाहीत. आणि जे काही होतं, ते मला साथ द्यायला आलं होतं की माझी शेवटची संधी काढून न्यायला, हेही मला कळलेलं नाही. आता कळेल असं वाटत नाही.

त्या दिवशी मी बॅग खांद्यावर घेतली आणि माळावर चाललो. पण पुढं नाही. समोर एका माणसाची जागा मोकळी सोडून, दोन पावलं मागं, कॅडी चालतो तसा. बाभळीपाशी थांबलो. स्टिक काढली, मूठ ओल्या फडक्यानं पुसली आणि पुढं धरली. खांदा भरून येईपर्यंत धरली. कोणी घेतली नाही. मेंढरंही सरकली नाहीत, माझ्या पायांतून चरत गेली.

मग मी हाक मारली. मोठ्यानं, गयाबाईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

“दादा! त्या माणसानं विचारलं तेव्हा मला सांगता आलं असतं – हा माझा भाऊ आहे, यानं मला शिकवलं, हा खेळणार नसेल तर मीही खेळणार नाही. मी नाही सांगितलं. नियमबियम काही नव्हतं रे. मला तुझ्या चपलांची लाज वाटली. माझं चुकलं, दादा. मला माफ कर.”