कातळावरची माती

शाळा सुटायच्या बेतात होती, मी शेवटचा तास घेत होतो. गावचा शिवराम पायरीशी येऊन उभा राहिला, त्यानं डोक्यावरचं मुंडासं काढलं आणि मी समजलो. "आत्या गेली," एवढंच तो म्हणाला. त्याला आता महिना होऊन गेला...

सरूआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. तापाच्या साथीत आईवडील गेल्यावर तिनंच मला वाढवलं. स्वतःची जमीन नव्हती. खोताच्या शेतात राबायचं. वाडीमागं खोताचाच उघडा कातळ होता, गवतापलीकडं काही न उगवणारा. त्याच्या एका तुकड्यावर तिनं ओढ्याकाठची माती टोपलीनं वाहायला घेतली. सात वर्षं वाहिली, कडेनं दगडाचा बांध घातला. आठव्या पावसाळ्यात तिथं भात उभं राहिलं. मी रत्नागिरीला शिकलो तो त्या भातावर.

एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होतो. भात पिकलं होतं. कापणीच्या सकाळीच खोतांचा कारकून दोन गडी घेऊन बांधावर आला. "जमीन खोतांची आहे. ती आता दुसऱ्या कुळाला द्यायची ठरलीय. आमची माणसं कापणी करतील." आत्या विळा धरून उभीच होती. मग हळू आवाजात म्हणाली, "कातळ खोतांचा, खरा. माती माजी. भात कापून न्या, माती मी घेवन जातंय." आणि कुदळ उचलून तिनं कडेची पहिली टोपली भरलीसुद्धा. गडी कारकुनाकडं बघत राहिले. वाडीतल्या बायका एकेक करून टोपल्या घेऊन आल्या, शेजारची रखमा सगळ्यांच्या पुढं. कारकून परत गेला. आठ दिवस आम्ही जीव मुठीत धरून काढले... शेवटी निरोप आला, कसायची तर कसा, पण निम्मं भात खोतांकडं. ते निम्मं तिनं मरेपर्यंत घातलं.

शिक्षक झाल्यावर एका समारंभात मी तिचं उदाहरण दिलं, कष्टानं गरिबी हटते म्हणून. ती समोरच बसली होती. परतताना म्हणाली, "मेहनतीनं वर येता आलं असतं तर आपल्या वाडीत खाली कोन ऱ्हायलं असतं, गणू? रखमा माज्यापेक्षा जास्त राबली. तिला कातळसुद्धा मिळाला नाय."

बाराव्याला गेलो तेव्हा लावणी चालू होती. ती थांबवता येत नाही. काम आटोपून रखमा आत्याच्या त्या तुकड्यातल्या पाण्यातच उभी राहून पाय चोळत होती, बोटांच्या बेचक्यांतून चिखल काढत. ओढा तर चार पावलांवर. मी बघतोय हे पाहून म्हणाली, "आत्यानं लावलेली सवय. वढ्यात पाय धुवायचे नाय. माती वाहून जाते."