वैशाली मॅडमचा आवाज

आमच्या बालवाडीतले किस्से गोळा करावे लागत नाहीत. पोरं डब्यासोबत रोज एखादा घेऊनच येतात! मी तिथं वैशाली मॅडमच्या वर्गात मदतनीस. माझी लेक आरू पण त्याच वर्गात, म्हणजे जिवाला घोर डबल.

*

वर पत्रा, खाली फरशी. एक पोरगं ओरडलं की चार ओरडल्यासारखं वाटतं. एकदा गाडा घेऊन चाललेल्या भाजीवाल्या चाचांनी खिडकीतून डोकावून विचारलं, "मॅडम, स्कूल है या बारात?"

वैशाली मॅडम म्हणाल्या, "बारातच आहे चाचा, फक्त जेवण नाही!"

*

मॅडमला घरी गेल्यावर पण हळू बोलता येत नाही. एकदा नवऱ्याला नुसतं "चहा घेता का?" विचारलं, तर शेजारीण धावत आली, "अहो, भांडू नका!"

आणि घरी पोचल्या की टीव्ही बंद, पंखा बंद. "पंखा पण बोलतोय असं वाटतं गं," म्हणतात. मार्चच्या उन्हात नवरा घामानं भिजतो, पण गप बसतो!

*

रंग वाटायचं काम माझं. रोज सांगते, "सगळा आजच संपवू नका. उद्याला ठेवा." पण ऐकतंय कोण? परवा एकानं सगळा लाल रंग स्वतःच्या नाकाला लावला!

*

मग मॅडमचा आवाजच गेला. डॉक्टर म्हणाले, "काही दिवस एक शब्द बोलायचा नाही. नाहीतर ही नोकरी सोडावी लागेल."

मी सातवी शिकलेली, वर्ग कसा सांभाळू? मॅडम खुर्चीत नुसत्या बसून होत्या. भीतीनं माझाही आवाज निघंना. कशीबशी कुजबुजले, "मॅडमचा आवाज संपलाय."

पोरं पण कुजबुजली, "सगळा?"

त्यानंतर वर्गात चिडीचूप. ऑफिसातल्या मोठ्या बाई धापा टाकत आल्या, "पोरं कुठं गेली?"

पोरं जागच्या जागी, तोंडावर बोट!

सुट्टीनंतर गेटवर एका आईनं मला गाठलं, "खरं सांगा ताई, मारलं का ह्याला? लई गप हाय."

*

डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिली त्या सकाळी मॅडम दारातूनच खुशीत ओरडल्या, "गुड मॉर्निंग, पोरांनो!"

पत्रा दणाणला. पोरांची बोटं एकदम ओठांवर गेली.

आरू उठली. मॅडमची ओढणी ओढून त्यांना खाली वाकवलं आणि कानात म्हणाली,

"मॅडम, सगळा आजच संपवू नका. उद्याला ठेवा."