उसाचं बूड

आमच्या डेअरीतल्या कारकुनाच्या लेखी गोल आलेख म्हणजे भाकरी आणि उभ्या खांबांचा आलेख म्हणजे ऊस. तो ज्याला त्याला असंच समजावतो.

परवा पशुखाद्याचा विक्रेता खांबांचा आलेख घेऊन आला. त्याच्या पेंडीनं दुधाचा खांब दुप्पट झाला होता. मी तर दोन पोती सांगूनही टाकली. कारकुनानं चष्मा कपाळावर सरकवला आणि आलेखाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथं शून्याऐवजी नऊ लिटर होतं.

"पावणं, उसाचं बूड तोडून नुसतं शेंड्याचं वाढं दावताय व्हय?"

मग त्यानं खडूनं भिंतीवर दोन्ही खांब शून्यापासून काढले. फरक बोटभर उरला. विक्रेता ओशाळला, त्याच्यापेक्षा मी जास्त.

कारकुनानं आम्हा दोघांपुढं काठोकाठ चहा ठेवला. "घ्या, ह्यो बुडापासनं हाय."