हळू आणि लवकर

सायकलच्या मागच्या गेअरपाशी एच आणि एल अशी अक्षरं होती, आणि मी त्यांचा अर्थ हळू आणि लवकर असा घेतला.

सायकल लेकीची. दुसऱ्या दिवशी सकाळी कळमनुरीला तिचं बारावीचं प्रॅक्टिकल होतं, आणि त्या वेळेला आमच्या फाट्यावर एसटी नसते. माझी मोटारसायकल होती, पण ती मी आठवडाभरापूर्वी घरीच उघडून साफ केली होती. तेव्हापासून ती अंगणात स्वच्छ उभी होती.

लेकीची तक्रार एवढीच, की चेन मागच्या सगळ्यात लहान दातेरी चाकावर उतरत नाही, सपाट रस्त्याला वेग येत नाही. "परीक्षा झाली की दुकानात दाखवू, पप्पा," ती म्हणाली. "आता चालून राहिली ना?"

चालूनच राहिली होती. पण माझ्या हातात पेचकस होता.

सायकल उलटी केली. मागच्या चाकाशी चेन ओढून धरणारं एक यंत्र लोंबतं, त्यावर दोन बारीक स्क्रू, आणि शेजारी ती अक्षरं. सायकल कळमनुरीतून घेतलेली. मला वाटलं, कंपनीनं आपल्या मराठी माणसांची सोय पाहिली. आपल्याला वेग पाहिजे, म्हणजे लवकरचा स्क्रू. तो अर्धा फेरा सैल केला. चेन उतरेना. आणखी सैल केला. चेन जिथल्या तिथं. मग मात्र मला तिचा राग आला आणि तो स्क्रू मी जाईल तितका सैल केला.

"काहून खटपट करून राहिले?" बायको दारातून म्हणाली.

"बराबर होऊन राहिलं," मी म्हणालो, आणि तिला दाखवायला म्हणून पायडल जोरात फिरवत गेअर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला नेला.

चेन सगळ्यात मोठ्या दातेरी चाकावर चढली आणि तिथं थांबली नाही. पलीकडे उडी मारून मागच्या चाकाच्या तारांत शिरली, मागोमाग ते यंत्रही गेलं. कडाड् असा आवाज झाला आणि चाक जागीच थिजलं. ओढलं, ठोकलं, गोडेतेल सोडलं, शेवटी हात जोडून पाहिलं. ढकलत न्यायची म्हटली तरी ते चाक फिरायला तयार नव्हतं.

लेक बाहेर आली. तिनं आधी सायकल पाहिली, मग माझे काळे हात.

"पप्पा, एच म्हणजे हाय, वेगाचा. एल म्हणजे लो."

"मग लवकर?"

"लवकर काहीच न्हाई." ती सायकलकडे पाठ करून आत गेली. तिच्या मागं जायला माझ्यापाशी तोंड नव्हतं. पेचकस मात्र अजून हातातच होता.

तो तसाच घेऊन मी शेजारी राहणाऱ्या चुलतभावाकडे गेलो. मोटारसायकल आहे त्याच्याकडे, चालणारी. सगळं सांगितलं. हळू आणि लवकरपाशी तो इतका हसला, की वहिनी चुलीवरचं सोडून बघायला आली.

"दादा, सकाळी लेकराला सोडशील का?"

"सोडतो की. पोरीची काळजी करू नको."

मला एवढं हायसं वाटलं, की त्याच्या गाडीकडे पाहून मी म्हणालो, "चेन जराशी सैल दिसून राहिली, दादा."

त्यानं उठून माझ्या हातातला पेचकस काढून घेतला.

"पोरगी वेळेवर पोचावी वाटत असंल, तर सकाळपर्यंत तू इकडं फिरकू नको."